नळी बदलण्याआधीचा अर्धा तास

वीज आणि पाणी यांची गाठ पडू देऊ नये, ही शिकवण आपल्याकडे प्रत्येक घरात दिली जाते. ओल्या हाताने बटण दाबू नको, अनवाणी पायाने इस्त्रीला हात लावू नको, हे सांगून सांगून आयांचे घसे कोरडे पडतात. पावसाळ्यात पनवेलच्या गाढी नदीचे पाणी चढू लागले की आधी मेन स्विच पाडावयाचा, हे आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आणि आता अशा मोटारी रस्त्यावर आल्या आहेत की ज्यांच्या पोटात तीनशेहून अधिक व्होल्टची वीज आणि तिच्या अंगाला लागून वाहणारे पाणी, दोन्ही एकत्र नांदतात. मोटार धडधाकट असते तोवर काही बिघडत नाही. पण ते पाणी वाहून नेणारी एखादी नळी फुटते, ती बदलायला आपल्यापैकीच कुणाचा तरी मुलगा गाडीखाली शिरतो, आणि त्याच्या हातात धड हातमोजेही नसतात. याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

मी यंत्रातला माणूस नव्हे. बी.कॉम. झालो, कारकुनीत वीस वर्षे गेली, आणि संध्याकाळचा वेळ वस्तीतल्या लोकांचे दाखले, अर्ज आणि मुलांची अभ्यासिका यांत जातो. हे सारे मला कळले ते माझ्या भाच्यामुळे. त्याने आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केला आणि कळंबोलीच्या बाजूला एका लहान गॅरेजात कामाला लागला. कळंबोली म्हणजे लोखंड बाजार आणि ट्रकांचा अड्डा. तिथल्या गॅरेजांत डिझेलच्या वासात पिढ्या गेल्या. पण गेल्या काही वर्षांत तिथेही विजेच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. पुण्याला जाणारा एक्सप्रेस वे इथूनच सुरू होतो, मुंबईकडे अटल सेतू आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून त्या सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. टॅक्सीवाल्याला रोजचा हिशेब दिसतो, त्यामुळे या गाड्या आता फक्त श्रीमंतांच्या राहिलेल्या नाहीत. कर्ज काढून घेतलेल्या, हप्त्यावर चालणाऱ्या गाड्या आहेत. त्या बिघडल्या की दुरुस्तीची घाई असते, आणि घाईचा भार शेवटी गॅरेजातल्या पोरावर पडतो.

आधी या गाडीत पाणी कशाला लागते ते सांगतो. २०२० च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही आली. ती आपल्याच पुणे जिल्ह्यात रांजणगावला तयार होते. तेव्हापासून मोठी, पाण्याने थंड होणारी बॅटरी असलेली मोटार आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या दारात दिसू लागली. लिथियमच्या बॅटरीचा स्वभाव मोठा नाजूक. माणसाला ज्या हवेत बरे वाटते साधारण त्याच हवेत तिलाही बरे वाटते. मे महिन्यात खोपोलीहून बोरघाट चढताना किंवा जलद चार्जिंगला लावल्यावर ती तापते. आपण तापलेल्या दुधाचे पातेले परातीतल्या थंड पाण्यात ठेवतो ना, तसे या बॅटरीतल्या सेलांना लागून धातूच्या पोकळ पट्ट्या असतात आणि त्यांतून थंड द्रव फिरत राहतो. एक लहानसा पंप तो फिरवतो, पुढच्या रेडिएटरमध्ये किंवा एसीच्या गॅसवर तो थंड होतो आणि पुन्हा बॅटरीकडे जातो. मोटर आणि इन्व्हर्टर यांनाही असेच थंड ठेवावे लागते. या द्रवाला कूलंट म्हणतात. डिस्टिल्ड वॉटर, एथिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन आणि गंज रोखणारी द्रव्ये यांचे ते मिश्रण असते. आपल्या घरासमोर उभ्या असणाऱ्या बहुतेक विजेच्या स्कूटरींत हा खटाटोप नसतो. त्या वाऱ्यावरच थंड होतात. मोटारीला मात्र तेवढ्यावर भागत नाही.

आता घडलेली गोष्ट.

आमच्या शेजारी एक टॅक्सीवाले राहतात. त्यांनी जुनी विजेची गाडी घेतली होती. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. भर पावसाळ्यात रात्री गाडी गटाराच्या कडेला उभी असे, आणि उबेला आलेल्या उंदराने कूलंटची रबरी नळी कुरतडली. उंदरांना गाडीच्या बोनेटखालची जागा फार प्रिय, हे पनवेलच्या गाडीवाल्यांना निराळे सांगायला नको. सकाळी गाडीखाली रंगीत ओल दिसली आणि समोरच्या पडद्यावर कूलंट कमी झाल्याची सूचना आली. अधिकृत वर्कशॉपला फोन केला तर आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली. आठ दिवस गाडी उभी म्हणजे हप्ता चुकला. शेजारी गाडी घेऊन भाच्याच्या गॅरेजात गेले. गॅरेजचे शेठ म्हणाले, "नळीच बदलायची ना? रविवारी पोरगा करून देईल."

शनिवारी रात्री भाचा माझ्याकडे आला. बहीणही बरोबर होती. तो उंबऱ्यातच म्हणाला, "मामा, नळी बदलायला अर्धा तास पुरे. पण त्याच्या आधीचा अर्धा तास कुणी द्यायला तयार नाही."

मी म्हटले, "बस आधी. कसला अर्धा तास?"

मग त्याने सांगायला सुरुवात केली आणि मी कचेरीतल्या सवयीने कागद पुढे ओढला. एका संस्थेच्या चार दिवसांच्या वर्गाला तो स्वतःच्या पैशाने गेला होता. तिथे शिकवलेले त्याने वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले होते. ते वाचताना मला वाटले, हे मेकॅनिकांपुरते ठेवण्यासारखे नाही, घरच्यांनाही ठाऊक असावयास हवे. म्हणून जरा विस्ताराने देतो.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, तिने माणूस मरतो. मोटारीच्या नियमांत तर एकदिश विजेचे ६० व्होल्ट ओलांडले की तिला धोक्याची वीज धरतात. या विजेच्या जाड तारांना वरून नारिंगी रंग असतो, तो रंग नियमानेच ठरलेला आहे. नारिंगी दिसले की हात मागे, इतके तर गॅरेजात चहा आणून देणाऱ्या पोरालाही माहीत असावे. पण खरी मेख पुढेच आहे. घरातली वीज जमिनीशी जोडलेली असते, म्हणून एकाच तारेला हात लागला तरी झटका बसतो. मोटारीतली वीज गाडीच्या सांगाड्यापासून मुद्दाम अलग ठेवलेली असते. एकाच बाजूला चुकून बोट लागले तर बहुधा काहीच होत नाही. पोरे म्हणूनच धीट होतात. "शेठ, मी हात लावून बघितला, काही नाही झाले," असे सांगणारे पोर भाच्याने स्वतः पाहिले आहे. आणि नळी फुटली की नेमका हाच अलगपणा धोक्यात येतो. गळलेले कूलंट जोडणीच्या खोबणीत झिरपले की वीज सांगाड्यापर्यंत पोहोचू शकते. ज्या गाडीला काल हात लावून काही झाले नाही, त्याच गाडीला आज हात लावून माणूस जागीच जाऊ शकतो. म्हणजे मुलगा दुरुस्तीला जातो तेव्हा गाडीचे मूळ संरक्षण शाबूत आहे की नाही, याचीच खात्री नसते.

यासाठी तो आधीचा अर्धा तास.

गाडी सपाट जागी उभी करावयाची, चार्जिंगची गन काढावयाची आणि थंड होऊ द्यावयाची. गरम असताना टाकीचे झाकण उघडले तर वाफ तोंडावर येते, हे डिझेलवाल्यांनाही माहीत आहे. चावी खिशात ठेवून चालत नाही. हल्लीची चावी बिनतारी असते आणि ती जवळ आली की गाडी जागी होते, म्हणून ती लांब कपाटात कुलूपबंद ठेवावयाची. मग १२ व्होल्टच्या लहान बॅटरीची ऋण तार काढावयाची. त्यानंतर मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग, कंपनीच्या पुस्तकात दाखविला असेल तसा, हातमोजे घालूनच काढावयाचा. तो प्लग काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावा, दुसऱ्याच्या हाती देऊ नये. कुणी तरी मदत करायच्या उत्साहात तो परत बसवतो आणि आत माणूस काम करीत असतो.

आणि मग थांबावयाचे. इन्व्हर्टरमध्ये कॅपॅसिटर असतात, ते वीज काही वेळ धरून ठेवतात. पुस्तकात पाच मिनिटे लिहिली असतील तर पाच, दहा लिहिली असतील तर दहा. या दहा मिनिटांत काहीच करावयाचे नसते आणि मालकाला नेमके तेच खुपते. पोरगा गाडीपाशी नुसता उभा आहे, हे त्याला बघवत नाही.

थांबून झाले की मीटर लावावयाचा. इथे भाच्याने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. मीटर आधी चालू विजेवर लावून बघावयाचा, तो नीट दाखवतो ना. मग गाडीवर लावावयाचा, शून्य आले पाहिजे. आणि पुन्हा चालू विजेवर लावून बघावयाचा, मधल्या वेळेत मीटरच मेला नाही ना. आम्ही हिशेबनीस रोकड मोजतो ती अशीच, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. शून्य आले म्हणून निर्धास्त होण्याचेही कारण नाही. बॅटरीच्या पेटीच्या आत वीज तशीच असते, ती कुठल्याही प्लगने जात नाही. म्हणून पेटीच्या बाहेरची नळी गॅरेजात बदलता येते. पेटीच्या आतली गळती असेल तर झाकणाचा एक स्क्रूही ढिला करू नये.

पेटीच्या आतल्या गळतीने काय होते याचे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. २०११ च्या मे महिन्यात जनरल मोटर्सची व्होल्ट ही गाडी सरकारी चाचणीत बाजूने खांबावर आदळविण्यात आली. त्या दिवशी काहीच झाले नाही. गाडी आवारात उभी राहिली आणि तीन आठवड्यांनी उभ्या जागी पेटली, शेजारच्या गाड्याही जळाल्या. बॅटरीला मार लागून कूलंट आत गळले होते. पुढे २०१२ मध्ये कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला आणि कूलंटची पातळी सांगणारे उपकरण बसविले. तीन आठवडे, हे लक्षात घ्या. आज सुकले, उद्या चालू झाली, म्हणजे संकट टळले असे नसते. आपल्याकडे एखादी गाडी आदळली असेल, किंवा कूलंट सारखे कमी होते पण बाहेर ओल कुठेच दिसत नाही, तर ती घराला चिकटून उभी करू नये, मोकळ्या जागी ठेवावी आणि कंपनीच्या माणसालाच बोलवावे.

हे सारे ऐकून बहीण म्हणाली, "दादा, हा नाही म्हणाला आणि शेठने काढून टाकले तर?"

तिचा प्रश्न रास्त होता. घरात तोच कमावता. त्याने हातमोजे मागितले होते, तेव्हा शेठने बांधकामावरचे रबरी हातमोजे काढून दिले. त्यांना वाईट म्हणण्यात अर्थ नाही. आयुष्य डिझेलच्या इंजिनांत गेले, हाताला तेल लागते म्हणून हातमोजे, इतकीच त्यांची समजूत. विजेचे हातमोजे निराळे. त्यांवर ‘क्लास ०’ असे लिहिलेले असते, ते १००० व्होल्टपर्यंत वापरता येतात. त्यावरून चामड्याचे घालावयाचे, म्हणजे रबराला टोक लागून भोक पडणार नाही. प्रत्येक वेळी घालण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडून बघावयाची, कुठून फुसकन निघते का. मुले फुगा तपासतात तशी.

रविवारी सकाळी मी भाच्याबरोबर गॅरेजात गेलो. भांडायला गेलो नव्हतो. शेजारीही तिथे होते, त्यांचा चेहरा उतरलेला. ते म्हणाले, "भाऊ, माझा दिवस बुडतोय आणि तुम्ही नियम सांगताय."

मी म्हटले, "तुमचा दिवस बुडतोय हे खरे. पण पोरगा गेला तर दिवस कुणाचे बुडतील?" ते गप्प झाले. तरी त्यांची अडचण काही खोटी नव्हती.

शेठ म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक नळीचे पैसे देते, थांबण्याचे देत नाही. हातमोज्यांचे कुठून आणू?"

इथे माझे बी.कॉम. कामाला आले. चळवळीत काम करताना पुष्कळदा दिसते की समोरचा माणूस दुष्ट नसतो, त्याला फक्त आकडा जमत नसतो. मी तिथल्या बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. हातमोजे, चामड्याचे आवरण, विजेपासून राखणारे पाने आणि बरा मीटर, आम्ही विचारलेल्या भावाने सारे मिळून बारा हजारांच्या आसपास होत होते. साठ गाड्यांवर वाटले तर गाडीमागे दोनशे. हे दोनशे रुपये नळीच्या किमतीत लपवू नका, बिलात निराळी ओळ काढा आणि ‘सुरक्षा खर्च’ असे सरळ लिहा. गिऱ्हाइकाने विचारले तर सांगता येते. शेठ बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग शेजाऱ्यांना म्हणाले, "बुधवारी या."

तीन दिवस शेजाऱ्यांनी एका ओळखीच्या माणसाची गाडी रात्रपाळीला चालविली. ते माझ्याशी फारसे बोलत नव्हते. असो.

बुधवारी काम झाले. मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून बघायला गेलो. भाच्याने गाडीभोवती दोरी लावली होती. त्याच्यापासून थोड्या अंतरावर दुसरा पोरगा कोरडी लाकडी काठी घेऊन उभा, त्याला दुसरे काही काम द्यावयाचे नाही असे ठरले होते. भाच्याला झटका बसलाच तर त्याला हाताने ओढावयाचे नाही, काठीने सोडवावयाचे, एवढेच त्याचे काम. तो पोरगा कंटाळला होता, पण जागचा हलला नाही. मीटरवर शून्य आले तेव्हा भाच्याने मला बोलावून दाखविले.

पुढचे काम खरोखरच अर्ध्या तासाचे होते. नारिंगी जोडण्यांवर प्लॅस्टिक गुंडाळले, खाली ट्रे ठेवला, क्लिप सोडली, जुनी नळी ओढून काढली. उंदराच्या दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. नव्या नळीच्या तोंडाला तो ग्रीस लावील असे मला वाटले, पण त्याने कूलंटचेच बोट फिरविले. तेल-ग्रीसने हे रबर फुगते, असे त्याने सांगितले. नळी जुन्या वाटेनेच नेली, नारिंगी तारेला किंवा धारदार कडेला ती घासत नाही ना हे दोनदा पाहिले. नंतर हवेचा दाब देऊन काट्याकडे पंधरा मिनिटे बघत बसला, काटा हलला नाही. कूलंट भरताना मात्र शेठ आणि तो यांच्यात थोडे झाले. शेठचे म्हणणे, कपाटात डिझेल गाडीचे हिरवे आहे तेच घाल. भाच्याने पुस्तक उघडून दाखविले. विजेच्या गाडीला जे लिहिले आहे तेच घालावयाचे. काही कंपन्यांचे, उदाहरणार्थ हुंडाईच्या काही विजेच्या गाड्यांचे कूलंट वीज कमी वाहून नेणारे, निळ्या रंगाचे असते. पण रंगावर विसंबणेही धोक्याचे, कारण रंग काय, कुणीही मिसळतो. आणि नळाचे किंवा बोअरचे पाणी तर थेंबभरही नको, त्यातले क्षार वीज वाहून नेतात आणि आत थर धरतात. भरल्यावर आतली हवा काढावी लागते. ती राहिली तर पंप कुरकुरतो आणि बॅटरीचा एखादा कोपरा तापत राहतो. प्लग परत बसवून स्कॅनरवर वीज सांगाड्यापासून अलग आहे ना हे त्याने पाहिले, आणि मगच चावी कपाटातून काढली.

ट्रेमध्ये जमलेले जुने कूलंट दुसऱ्या पोराने कोपऱ्यातल्या बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत ओतायला घेतले. भाचा जवळजवळ ओरडलाच. माताभगिनींनी हा भाग नीट वाचावा, कारण वीज गॅरेजात राहते, पण ही बाटली घरी येते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि रंगाने सरबतासारखे दिसते. लहान मूल ते पिते, कुत्रीही चाटतात. आधी दारू प्यायल्यासारखी झिंग येते, मग उलट्या होतात, श्वास जड होतो आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. झिंग उतरली म्हणजे मूल बरे झाले असे समजू नये. घरगुती उपाय करीत बसू नये, वेळ न घालविता मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि डबा बरोबर घेऊन जावे. यावर उतारा आहे, डायलिसिसही करता येते, पण ते वेळेत पोहोचले तर.

याच रसायनाचे भावंड, डायएथिलीन ग्लायकॉल, आपल्या राज्याला चांगले परिचित आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये ते निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. जुन्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. आणि २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात तेच सापडले. तिथली कितीतरी लेकरे उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणली होती, अनेक वाचली नाहीत. ती औषधाची भेसळ होती, मोटारीशी तिचा संबंध नाही. पण जे विष औषधाच्या बाटलीत ओळखू आले नाही, ते पाण्याच्या बाटलीत काय ओळखू येणार? गॅरेजात काम करणाऱ्या मुलांच्या आयांनी एवढे बघावे की घरात त्याची बाटली, डबा, काही येता कामा नये. कामाचे कपडेही निराळे धुवावेत. जुने कूलंट गटारात ओतणे हाही अपराधच, आमच्याकडचे गटार शेवटी गाढीलाच मिळते. भाच्याने त्यासाठी झाकणाचा कॅन ठेवून त्यावर मोठ्या अक्षरात ‘विष’ असे लिहिले आहे.

आता कायद्याचे. अर्ज लिहिणारा माणूस असल्यामुळे मी आधी तिकडेच धावतो. कामगारांच्या सुरक्षेविषयीची २०२० ची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागांसाठी आहे. कळंबोली, कामोठे, खांदा कॉलनीतल्या ज्या गॅरेजांत आपली मुले आहेत तिथे चार-पाच हात असतात. मोठ्या वर्कशॉपमध्ये हातमोजे कपाटात टांगलेले असतात आणि तिथे मुलाखतीला इंग्रजी लागते. लहान गॅरेजात मुलगा लगेच लागतो आणि हातमोजे नसतात. ही दरी मला जास्त टोचते. आयटीआयमध्ये आता ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ असा स्वतंत्र ट्रेड आला आहे. मुलगा मोटारीकडे ओढा असलेला असेल तर पालकांनी प्रवेशाच्या वेळी त्याची चौकशी जरूर करावी. जे आधीच कामाला लागले आहेत त्यांच्यासाठी आम्ही अभ्यासिकेत महिन्यातून एका रविवारी भाच्याची वही वाचतो. पहिल्या वेळी सात मुले आली, दुसऱ्या वेळी अकरा. त्यांत दोन मुली होत्या. एकीने विचारले, "हातमोजे मोठ्या मापाचेच मिळतात, आमच्या हाताला सैल होतात, मग काय करायचे?" भाच्याला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढच्या वेळी तो लहान मापाच्या जोडाचा पत्ता काढून आला.

वर्गात पालकही येऊन बसतात. एका बापाने विचारले, मुलाने गॅरेजवाल्याला नेमके काय विचारावे? भाचा म्हणाला, तीन गोष्टी विचारा. हातमोजे कुठल्या क्लासचे आहेत, मीटर कुठे आहे, आणि काम चालू असताना बाजूला कोण उभे राहणार. तिन्हींना उत्तर मिळाले नाही तर त्या गाडीच्या चाकाचे, ब्रेकचे काम करा, पण नारिंगी तारेजवळ जाऊ नका. त्या बापाने ते तळहातावर लिहून घेतले. त्याचा मुलगा शेजारीच बसला होता, तो लाजून हसत होता.

शेठनी बिलात ‘सुरक्षा खर्च’ ही ओळ कायम ठेवली आहे. एका गिऱ्हाइकाने त्यावरून हुज्जत घातली असे कळले, तेव्हा शेठनीच त्याला हातमोजे काढून दाखविले. शेजारी पुन्हा बोलू लागले आहेत. गाडीच्या बोनेटखाली त्यांनी बारीक जाळी बसवून घेतली आहे आणि ती गटारापासून लांब उभी करतात. विजेच्या हातमोज्यांची तपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्यावी लागते, रबर वरून धड दिसले तरी. पुढच्या तपासणीची तारीख भाच्याने गॅरेजच्या भिंतीवर, टायरच्या दाबाच्या तक्त्याशेजारी, खडूने लिहून ठेवली आहे.